एकशे त्रेसष्टावं मागचं दार

तारमास्तरांचा उजवा गुडघा धड असता, तर हे सगळं झालंच नसतं. मास्तर म्हणून त्यांनी कधी कुणाला काही शिकवलं नव्हतं. पंचवीस वर्षांपूर्वी ते गच्च्यांवरून टीव्हीच्या तारा ओढायचे, तेव्हा कुणीतरी थट्टेने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. पुढे तारा बारीक झाल्या, त्यांतून इंटरनेट यायला लागलं, पण नाव तेच राहिलं. आता वस्तीतल्या एकशे त्रेसष्ट घरांत त्यांनी बसवलेले राउटर होते. सगळे एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, काळे, दोन शिंगं वर काढलेले.

आणि जवळपास त्या सगळ्या घरांना जिने होते. तक्रारी तरी काय असायच्या? कुणी पासवर्ड विसरलं, कुणाला नाव बदलून हवं, कुणाच्या मुलाला परीक्षेपुरतं नेट बंद करून हवं. एवढ्याशासाठी चार-चार मजले चढायचे आणि उतरताना कठड्याला लटकत यायचं. सात वर्षांपूर्वी गुडघ्याने हात टेकले, तेव्हा मास्तरांनी एक सोपी वाट काढली. राउटरच्या आतली पानं बाहेरून, कुठूनही उघडता यावीत अशी एक सोय त्यात असते. कंपनी ती बंद ठेवून पाठवते. मास्तरांनी ती घराघरांत चालू केली आणि सगळ्यांना एकच पासवर्ड दिला. मग दुकानात बसल्या बसल्या सगळ्या वस्तीची दुरुस्ती व्हायला लागली. मास्तर फोनवरच बरं करतात, असं लोक कौतुकाने सांगायचे आणि मास्तरही ते ऐकून फुगायचे.

"अहो, सगळ्या घरांना एकच किल्ली?" असं बायकोने तेव्हा विचारलं होतं. दुकानातला फोन, पावत्या, यादी हे सगळं तिच्याकडे. मास्तर म्हणाले होते, "तुला काय कळतंय त्यातलं!"

त्या मंगळवारी सकाळी कंपनीचं पत्र संगणकावर आलं. मास्तरांनी ते उभ्याने वाचलं, मग खुर्चीवर बसून वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"काय झालं? कुणी गेलं का?" बायकोने विचारलं.

"गेलं नाही. कुणीही आत येऊ शकतंय."

मग त्यांनी तिला समजावलं. राउटरच्या आतल्या पानांवर एक चौकट असते. लाइन चालू आहे का हे बघायला तिच्यात एखादा पत्ता टाकायचा, म्हणजे राउटर त्या पत्त्याला हाक मारून बघतो. आता उघडकीला असं आलं होतं, की त्या पत्त्याला जोडून कुणी भलताच हुकूम लिहिला, तर राउटर तोही मुकाट पाळतो. गड्याला सांगावं, शेजाऱ्यांना हाक मार आणि कपाटाच्या किल्ल्या काढून दे, आणि त्याने कसलाही विचार न करता दोन्ही कामं करावीत, तशातली गत. बरं, हुकूम सोडणारा कोण, हेसुद्धा तो विचारत नव्हता. पासवर्ड लागतच नव्हता. कंपनीने दुरुस्त केलेली नवी आवृत्ती पाठवली होती आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: बाहेरून उघडण्याची सोय चालू असेल, तर ताबडतोब बंद करा, कारण तिथून जगातला कुणीही आत शिरू शकतो.

"आणि ती सोय आपल्याकडे कुठे कुठे चालू आहे?" बायकोने विचारलं.

मास्तरांनी भिंतीवरच्या यादीकडे बोट केलं. संपूर्ण यादीकडे.

'मी म्हटलं नव्हतं का' असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, निदान रागावता तरी आलं असतं. तिने पदर खोचला, फोन पुढे ओढला आणि म्हणाली, "बोला, सुरुवात कुठून करायची?"

काम सोपं होतं, पण नाजूक होतं. एकेका राउटरमध्ये शिरायचं, नवी आवृत्ती चढवायची, तो बंद होऊन चालू झाला की मागचं दार लावायचं आणि प्रत्येकाला वेगळा पासवर्ड द्यायचा. सहा-सात मिनिटांचं काम. पण मध्येच कुणी वायर उपटली, तर राउटरचा दगड होणार, कायमचा. म्हणून बायकोने आधी फोन करून सांगायचं, की थोडा वेळ नेट जाईल, राउटरला हात लावू नका. मास्तर दोन संगणकांवर एका वेळी सहा-सहा घरं घेऊन बसले.

हात लावू नका म्हटलं की लोकांचे हात शिवशिवतात, हे त्या दिवशी बायकोला नव्याने कळलं. वकीलसाहेब म्हणाले, "मी घरातल्या कशालाच हात लावत नाही, हिला विचारा." गाणं शिकवणाऱ्या बाई कळवळून म्हणाल्या, "अहो, आत्ता नको हो, दीड वर्षाने मुलगी सुरात आलीये!" त्यांना वीस मिनिटं मिळाली. एका आजोबांनी विचारलं, बंदच आहे तर तेवढ्यात आतली धूळ पुसून घेऊ का. "नका! आजोबा, तुम्ही खुर्चीत बसा. बसलात का? आता उठू नका," असं बायकोने सांगितलं आणि ते खरंच बसून राहिले. अर्ध्या तासाने त्यांचा फोन आला, उठलो तर चालेल का?

अकराच्या सुमाराला मास्तरांचे हात एकदम थांबले. केस कापणाऱ्या बाईंच्या घरचा राउटर उघडला होता. कुठली वेबसाइट कुठे सापडेल हे राउटर ज्याला विचारतो, त्या वाटाड्याचा पत्ता बदललेला होता, म्हणजे बँकेची म्हणून नकली वेबसाइटही पुढे येऊ शकत होती. तो मास्तरांनी बदललेला नव्हता. केस कापणाऱ्या बाईंना तर राउटरला पानं असतात हेच ठाऊक नव्हतं.

म्हणजे हे पत्रातलं भूत नव्हतं, वस्तीत शिरलेलं होतं. मास्तरांनी पत्ता पूर्वीचा केला, दार लावलं आणि पुढच्या घराकडे वळले.

"त्यांना सांगा," बायको म्हणाली.

"आता नीट झालंय ना. उगीच घाबरतील."

"घाबरू देत. बँकेचा पासवर्ड तरी बदलतील. आणि दार तुम्ही उघडं ठेवलं होतं, हेही सांगा."

मास्तरांनी फोन लावला. सात वर्षांत पहिल्यांदा ते गिऱ्हाइकाला 'माझी चूक झाली' असं म्हणाले. पलीकडून बाई म्हणाल्या, "बरं झालं बाई सांगितलंत. माझं खातं जुन्याच बँकेत आहे, ते मी कधी मोबाइलवर उघडतच नाही. पण लेकीला सांगते." मास्तरांनी फोन ठेवला आणि कपाळ पुसलं. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा ते बरंच सोपं गेलं.

सव्वाला यादीत एकच ओळ उरली. ती त्यांनी मुद्दाम शेवटाला ठेवली असावी, असं बायकोला वाटलं, आणि तिचं बरोबर होतं. ते ताईचं घर होतं.

ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. वाचनालयात नोकरी करायची आणि अण्णांना, म्हणजे दोघांच्या वडिलांना, सांभाळायची. अण्णांनी उभं आयुष्य छापखान्यात टाइप जुळवण्यात घालवलं होतं. वय सत्त्याऐंशी. चार महिन्यांपूर्वी ते मोरीत घसरले, तेव्हा मास्तरांनी त्यांच्या खोलीत एक छोटा कॅमेरा बसवला, दुकानातून अधूनमधून लक्ष ठेवता यावं म्हणून. हेतू चांगलाच होता. पण एका संध्याकाळी त्यांनी ताईला फोन करून विचारलं, अण्णांना आज दुपारचं औषध अर्धा तास उशिरा का दिलंस, आणि ताईचा पारा चढला. "पाळत ठेवतोस माझ्यावर? तिकडे बसून हिशेब मागतोस? एवढी काळजी आहे तर जिना चढून ये की!" मास्तरही तडकले. त्यांनी त्याच क्षणी मोबाइलवरून कॅमेऱ्याचं ॲप काढून टाकलं आणि 'आता माझं तोंडही बघू नका' असं काहीतरी बोलून गेले. त्याला दोन महिने झाले होते. मधल्या काळात बायको दोनदा जाऊन आली, पण निरोप द्यायला दोघांनीही नकार दिला.

मास्तरांनी ताईच्या राउटरचा पत्ता टाकला. पान उघडलं नाही. पुन्हा टाकला. तिसऱ्यांदा टाकला. राउटर गप्प होता.

"बंद असेल," बायको म्हणाली.

"ताई कशाला बंद करेल? नेट लागतंच तिला." मास्तर म्हणाले. पत्राच्या शेवटी एक ओळ होती आणि ती त्यांना सकाळपासून पाठ झाली होती: आत शिरलेले लोक कधी कधी पासवर्ड बदलून मूळ मालकालाच बाहेर ठेवतात, त्यामुळे राउटर प्रतिसाद देईनासा झाला तर सावध व्हा.

राउटरमागे तो कॅमेरा होता. आणि कॅमेऱ्यापुढे अण्णांचा पलंग. अण्णांना कपडे बदलताना आता मदत लागायची. अंग पुसायला लागायचं. सगळं आयुष्य ज्या माणसाने घरातसुद्धा शर्टाचं वरचं बटण लावल्याशिवाय कुणासमोर पाऊल टाकलं नाही, त्याच्या खोलीत कोण कुठला परका माणूस कुठल्या देशातून बघत बसला असेल? आणि किती दिवस? त्याच्यासाठी दार उघडं ठेवलं होतं ते पोटच्या पोराने, गुडघा दुखतो म्हणून.

त्यांनी ताईला फोन लावला. दोन रिंग झाल्या आणि तिकडून कट झाला.

"बघ, कट केला."

"वाचनालयात असेल, तिथे बोलता येत नाही," बायको म्हणाली आणि त्यांच्या हातात पिशवी दिली. पक्कड, वायरी, दोन-चार ॲडॉप्टर, लॅपटॉप, सगळं तिने कधीच भरून ठेवलं होतं. "जा. आणि भांडायला जात नाही आहात, एवढं लक्षात ठेवा."

ताईच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. पहिला मजला मास्तर तावात चढले. दुसऱ्यावर गुडघ्याने आठवण करून दिली. तिसऱ्यावर ते कठडा धरून उभे राहिले आणि स्वतःला शिव्या घालू लागले. दोन महिन्यांत एकदा जरी ते ॲप परत टाकून बघितलं असतं, एकदा जरी जिना चढलो असतो, तर निदान कळलं तरी असतं. चौथ्यावर पोचले तेव्हा घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

दार ताईने उघडलं. नुकतीच कामावरून आली असावी, खांद्याला अजून पिशवी होती. तिने भावाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आधी बस. मग काय बोलायचं ते बोल. पडशील इथेच."

"राउटर कुठे आहे?"

"आता आठवला राउटर?" ताई म्हणाली. "दोन महिने नेट तोडून ठेवलंस, मी एका शब्दाने विचारलं का? नाही विचारणार. माझ्या मोबाइलवर मी भागवते."

"मी तोडलं?"

"नाही तर कोणी? भांडण झालं आणि दुसऱ्याच दिवशी सगळे दिवे गेले. तू तिकडूनच सगळं करतोस ना!"

मास्तर चपला काढायचंही विसरून अण्णांच्या खोलीत शिरले.

अण्णा पलंगावर आडवे होते. उशीशी रेडिओ चालू होता, कुणीतरी शेतीच्या औजारांबद्दल सांगत होतं. मुलाला बघताच त्यांनी लगबगीने उठायला सुरुवात केली. पाय खाली सोडले, पाठ ताठ केली आणि शर्टाचं वरचं बटण लावलं.

"ये. कसा आहेस?"

फळीवर राउटर होता. एकही दिवा नव्हता. शेजारी कॅमेरा होता, तोही मेलेला. मास्तरांनी दोघांच्या वायरी हाताने चाचपत नेल्या. त्या एक्स्टेंशनच्या एका लांब पट्टीत जात होत्या, पट्टीची वायर पलंगामागे जात होती. मास्तर दुखऱ्या गुडघ्यावर खाली बसले, पलंगाखाली वाकले. पट्टीचा प्लग जमिनीवर पडला होता, धुळीत. आणि भिंतीतल्या एकुलत्या एक सॉकेटमध्ये अण्णांच्या रेडिओचा जुना, जाड पिनांचा प्लग ऐटीत बसला होता.

"अण्णा, हा प्लग कोणी काढला?"

"मी," अण्णा म्हणाले. "रेडिओच्या पिना तुझ्या त्या पट्टीत जात नाहीत. भिंतीतच बसतात. मग मी काय करू?"

"कधी काढला?"

"झाले की दोन महिने. तुम्ही दोघं फोनवर भांडलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हटलं, आता एवीतेवी कुणी बघणार नाही."

दोन महिने! केस कापणाऱ्या बाईंच्या राउटरमधला तो बदल नऊ दिवसांपूर्वीचा होता, ती तारीख मास्तरांनी सकाळीच टिपून ठेवली होती. तरी त्यांनी शंका ठेवली नाही. जमिनीवर बसल्या बसल्याच लॅपटॉप उघडला, रेडिओ मिनिटभर बाजूला करून राउटर सुरू केला, बाहेरची तार न लावता, आणि आतली सगळी नोंद खालपासून वरपर्यंत वाचून काढली. त्यांच्या स्वतःशिवाय आत कुणीही आलेलं नव्हतं. शेवटची नोंद भांडणाच्या दुसऱ्या दिवसाची, सकाळी पावणेदहाची.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पलंगाच्या पायाला पाठ टेकली आणि ते हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी शर्टाच्या बाहीला पुसलं. दारात उभी असलेली ताई घाबरून म्हणाली, "अरे, काय झालं तुला?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. पत्र, चौकट, उघडं दार, एकच पासवर्ड, केस कापणाऱ्या बाई, आणि आज जिन्यात काय काय मनात आलं ते. काहीच लपवलं नाही. ताई पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होती.

"म्हणजे मला वाटलं तू तोडलंस," ती म्हणाली, "तुला वाटलं मी उचलत नाही, आणि ह्यांनी..." तिने अण्णांकडे पाहिलं. "अण्णा, तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत?"

"मला कुणी विचारलं?" अण्णा म्हणाले. "तो बसवतानाही कुणी विचारलं नव्हतं."

ताईने फळीवरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"तसं चांगलं होतं रे तुझं ते यंत्र," अण्णाच पुढे म्हणाले, समजूत काढल्यासारखे. "पण तू कधी बघशील ते कळायचं नाही. म्हणून मी आपला दिवसभर ताठ बसून असायचो. म्हटलं, पोराला वाटायला नको, बाप अगदीच गळपटला. पण ही पाठ फार दुखायची. रात्री झोपही यायची नाही. मग म्हटलं, पुरे."

मास्तरांनी मान खाली घातली. दुकानातल्या पडद्यावर अण्णा नेहमी ताठ बसलेले दिसायचे. ते बघून त्यांना किती बरं वाटायचं! बायकोला हाक मारून ते दाखवायचेही, बघ, म्हातारा अजून कसा खणखणीत आहे.

"चुकलं माझं, अण्णा," ते म्हणाले. "ताई, तुझ्याशीही चुकलं."

"मीही काही कमी बोलले नाही," ताई म्हणाली. "पण तू येत नव्हतास, त्याचा राग होता. कॅमेऱ्याचा नव्हताच तो."

मास्तरांनी मग काम पुरं केलं. दुकानातून आणलेली नवी आवृत्ती लॅपटॉपवरून चढवली. ती सहा मिनिटं ताई राउटरपुढे अशी उभी राहिली, जणू कुणी वायर ओढायला आलंच तर हातावर फटका देईल. दिवे लागले. मास्तरांनी बाहेरून उघडण्याची सोय बंद केली, पासवर्ड बदलला, तो ताईला स्वतःला टाइप करायला लावला आणि टाइप करताना तोंड फिरवून बसले. पिशवीतून एक ॲडॉप्टर काढून त्यांनी रेडिओच्या जाड पिना पट्टीत बसवून दिल्या. अण्णांनी लगेच रेडिओ लावून बघितला. औजारं संपून गाणी सुरू झाली होती.

बायकोचा फोन आला. "काय झालं?"

"झालं. एकशे त्रेसष्ट. इथे आत कुणीही शिरलं नव्हतं."

पलीकडे तिने सोडलेला श्वास मास्तरांना स्पष्ट ऐकू आला. "आणि भांडण?"

"तेही संपलं. चहा घेऊन येतो."

सगळ्यात शेवटी त्यांनी फळीवरचा कॅमेरा काढला, त्याची वायर गुंडाळली आणि तो पिशवीत टाकला.

"अरे, मग तू लक्ष कसं ठेवणार?" ताईने विचारलं.

"येईन."

"चार मजले आहेत. आणि त्या गुडघ्याचं काय?"

"तिसऱ्यावर जरा थांबेन."

"बुधवारी मला वाचनालयात उशीर होतो," ताई म्हणाली. "बुधवारी आलास तर बरं पडेल."

"उद्याच आहे बुधवार. येतो."

अण्णा हे सगळं ऐकत होते, पण त्यांचं लक्ष रिकाम्या फळीकडे होतं. "नेतोस ना तो?" त्यांनी खात्री करून घेतली.

"नेतोय, अण्णा. हा बघा, पिशवीत आहे."

"बरं," अण्णा म्हणाले. त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं, मग त्याखालचंही काढलं, पाठीला उशी घेऊन पाय पसरले आणि मुलाला पलंगावर बसायला जागा करून दिली.